सहा आवाजांची बोली

त्या रविवारी काका घाटकोपरहून आमच्याकडे आले, पण जेवायला थांबले नाहीत. एरवी ते आले की जेवून, जरा पडून, चहा घेऊनच निघायचे. त्या दिवशी त्यांनी टोपीसुद्धा खुंटीला लावली नाही. बाबांच्या समोरच्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "जागा झाली आहे. पुढच्या रविवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं. नाही कळवलं तर दुसऱ्याला देतील."

मी स्वयंपाकघरात भाजी चिरत होते. जागा म्हणजे कसली ते मला लगेच कळलं. घाटावरच्या एका गावी माझ्या धाकट्या बहिणीसारख्या मुलांना ठेवून घेणारी एक संस्था होती. काका गेलं वर्षभर तिथे जागा मिळावी म्हणून खटपट करत होते. बाबांचे ते थोरले भाऊ. कोर्टात हेडक्लार्क होते आणि घरातले सगळे मोठे निर्णय त्यांना विचारूनच व्हायचे.

मग काका आवाज खाली आणून म्हणाले, "पोरीसाठी नाही रे, तुझ्या बायकोसाठी म्हणतोय. डॉक्टर काय म्हणाले ते तूच सांगितलंस ना मला? अशीच उचलत राहिली तर हिची पाठ कायमची जाईल. मग दोघी अंथरुणात. कोण करणार?"

यातलं काही खोटं नव्हतं, हीच तर अडचण होती. पंधरा दिवसांपूर्वी आई धाकटीला न्हाऊ घालायला मोरीपाशी नेताना खाली बसली, ती उठूच शकली नाही. शेजारच्या कच्छी काकींनी आणि मी मिळून तिला आत आणलं. तेव्हापासून ती भिंतीला धरून चालत होती.

आम्ही मुलुंडला राहायचो, स्टेशनच्या पूर्वेला, वस्ती संपून मिठागरं सुरू व्हायची तिथे. दोन खोल्या, मागे विहीर, पुढे थोडं अंगण. बाबा फोर्टातल्या एका विमा कंपनीत नोकरीला होते. मी तेव्हा दहावीत होते आणि धाकटी नऊ वर्षांची. दीड वर्षाची असताना तिला मेंदूचा ताप आला. त्यातून ती वाचली, पण हातपाय वाकडे झाले, मान टिकेना आणि जीभ तिचं ऐकेना. बाबांनी सुताराकडून तिच्यासाठी एक बुटकी खुर्ची करून घेतली होती. तिच्यात तिला कमरेला पट्टा बांधून बसवायचं. खुर्ची खिडकीशी असायची आणि ती दिवसभर मिठागरांकडे बघत असायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हिला समजत काही नाही. नवल म्हणजे हे त्यांनी तिच्यासमोरच सांगितलं होतं.

तिला समजत होतं. हे मला कधी कळलं ते नेमकं सांगता येणार नाही, पण मी बारा-तेरा वर्षांची असेन. आई शेजारणीला काहीतरी गंमत सांगत होती आणि धाकटी हसली. शेजारीण हसायच्या आधी हसली. त्या दिवसापासून मी तिच्यावर पाळत ठेवली.

तिला सहा आवाज नीट काढता यायचे. मा, बू, गा, ए, ऊं आणि हा. 'हा' सगळ्यात कठीण. त्यासाठी तिला श्वास गोळा करावा लागे, गळ्याच्या शिरा ताठ होत. बाकीचं सगळं नुसतं ओरडणं. पहिल्यांदा मी सरळ हिशेब केला, एका आवाजाला एक अर्थ. मा म्हणजे आई, बू म्हणजे पाणी, गा म्हणजे झोप, कारण गाई-गाई. ए म्हणजे हो, ऊं म्हणजे नाही. 'हा'चं काय करावं ते सुचेना. चार दिवसांत तिने ते सगळं आत्मसात केलं आणि पाचव्या दिवशी आम्ही दोघी अडकलो. शब्द संपले. तिला काहीतरी सांगायचं होतं. ती बू म्हणे, मी पाणी देई, ती ते तोंडातून सांडून टाकी आणि पुन्हा बू म्हणे. शेवटी ती किंचाळायला लागली आणि आईने मला हाताला धरून बाहेर काढलं. "तिला छळू नकोस गं," आई म्हणाली.

वाट सापडली ती शाळेत. संस्कृतच्या बाई धातू आणि उपसर्ग शिकवत होत्या. फळ्यावर त्यांनी एक 'हार' लिहिला आणि त्याच्या पुढे एकेक अक्षर लावत गेल्या. आहार, विहार, प्रहार, संहार. "शब्द तेवढाच," बाई म्हणाल्या, "पुढे काय जोडलं, मागे काय जोडलं, यावर अर्थ फिरतो." वर्गात सगळ्या पेंगत होत्या. मला मात्र त्या तासाला बसवेना. घरी आले ती दप्तर टाकून तिच्या खुर्चीसमोर जमिनीवर बसले.

ऊं एकटा आला तर नाही. पण शब्दाच्या पुढे लागला तर उलटं. बू पाणी, तर ऊंबू तहान. गा झोप, तर ऊंगा जाग. मग 'ए'. एकटा आला तर हो, पण शब्दाच्या शेवटी लागला की त्या गोष्टीची जागा. बूए म्हणजे विहीर. गाए म्हणजे गादी. 'मा'ला आम्ही बढती दिली, मा म्हणजे आपलं माणूस. मग माए म्हणजे घर आणि ऊंमा म्हणजे परका माणूस. दोनदा म्हटलं तर पुष्कळ. बूबू म्हणजे खाडी. मामा म्हणजे गर्दी. आमचे खरे मामा आले की ती मोठ्याने 'मामा' म्हणून हसायची, कारण आले होते एकटेच. मामांना वाटे, पोरीने ओळखलं. तेही खोटं नव्हतं.

'हा' आम्ही शेवटी लावायचा ठरवला. त्याचा अर्थ ते काम करणारा. गाहा, झोपणारी, म्हणजे आमची मांजर. बूहा, पाणी देणारी, म्हणजे घागर. दोन शब्द जोडायची कल्पना तर तिचीच. एकदा मी तिचे डोळे पुसत होते, तेव्हा ती म्हणाली, "माबू." माणसाचं पाणी. अश्रू. मी तो शब्द तिला दिलेला नव्हता. मी तिच्या तोंडाकडे बघतच राहिले. आणखी एकदा उन्हाळ्यात खिडकीतून बघता बघता ती म्हणाली, "बूगा." मी बाहेर पाहिलं. वाफ्यांतल्या खाऱ्या पाण्याचं मीठ होत होतं, एवढीसुद्धा लाट नव्हती. झोपलेलं पाणी. तेव्हापासून आमच्याकडे मिठाला बूगा.

हे सगळं आमच्या दोघींतच राहिलं. आईला वाटे, मोठी लहानीला खेळवते आहे. बाबा सकाळी जात, दिवेलागणीला येत. ते आले की धाकटी आनंदाने ताठ व्हायची, तिचा जबडा आवळायचा आणि एकही आवाज धड निघायचा नाही. बाबांनी तिला कधी बोलताना ऐकलंच नव्हतं.

काका गेल्यावर मी बाबांपुढे जाऊन उभी राहिले. "बाबा, तिला समजतं. ती बोलते."

"तुझा जीव आहे तिच्यावर," ते म्हणाले, "म्हणून तुला तसं वाटतं."

"वाटत नाही. शब्द आहेत आमचे. मी दाखवते तुम्हाला."

"दाखव," ते म्हणाले. पण त्यांनी ते अशा आवाजात म्हटलं, की आधीच हरल्यासारखं झालं.

बुधवारी संध्याकाळी ते ऑफिसातून आल्यावर मी त्यांना तिच्यासमोर बसवलं. हे काय आहे ते सांग, मी तिला म्हटलं. घागर तिच्या डोळ्यांसमोर होती. बाबा इतक्या जवळ बसलेले बघून ती मोहरली. मान मागे गेली, हात छातीशी आवळले, लाळ आली. मी पुन्हा विचारलं. मांजर समोर ठेवली. गादीकडे बोट दाखवलं. घशातून नुसती किंकाळी आली.

"बोल ना गं!" मी ओरडले. "रोज बोलतेस, आत्ताच काय झालं? बोल!"

बाबा उठले. त्यांनी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि हातपाय धुवायला मागे निघून गेले. ते दिसेनासे झाले तशी तिची मान सैल पडली आणि ती हळूच म्हणाली, "माबू."

आई स्वयंपाकघराच्या दारात भिंत धरून उभी होती. "काय म्हणाली?"

"रडू येतंय म्हणाली."

"ते दिसतंय मला," आई म्हणाली आणि आत गेली.

त्या आठवड्यात मी नीट जेवले नाही. शाळेत लक्ष लागेना. काळजी बहिणीची होतीच, पण तिच्याही खाली दुसरी एक भीती होती. समजा बाबा म्हणतात तेच खरं असेल तर? तिच्या तोंडून सहा आवाज कसेही बाहेर पडत असतील आणि अर्थ मीच घालत असेन तर? बूगा म्हणजे झोपलेलं पाणी, हे तिने म्हटलं की मला मिठागर दिसलं म्हणून मी ऐकलं? याची खात्री करून घ्यायची हिंमत मला होत नव्हती. ती चूक निघाली असती तर माझ्याकडे काहीच उरलं नसतं.

शुक्रवारी शाळेतून आले तर आई धाकटीचे फ्रॉक मांडीवर घेऊन बसली होती. प्रत्येक फ्रॉकच्या गळ्याच्या आत लाल दोऱ्याने एक फुली शिवत होती. कपडे एकत्र धुतात, तर ओळखायला खूण हवी, असं संस्थेने सांगितलं होतं. काकांनी तसा निरोप पाठवला होता.

"म्हणजे ठरलं?" मी विचारलं.

"काही ठरलं नाही. ठरलंच तर घाई नको व्हायला."

"तुला तिला पाठवायचंय, आई?"

तिने दोरा दाताने तोडला. "मला उभं राहता येत नाही, बाय. कालपासून तुझ्या बाबांचा डबा बसून करतेय. मला काय हवंय ते विचारू नकोस."

धाकटी खुर्चीतून फ्रॉककडे बघत होती, मग आईकडे, मग माझ्याकडे. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. मीसुद्धा नाही. जाण्यासाठी, सोडून देण्यासाठी, दूर राहण्यासाठी आमच्याकडे शब्दच नव्हता आणि त्या आठवड्यात तरी तो करायचा नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. तिने "ए?" असं विचारल्यासारखं केलं. मी तिचं तोंड पुसलं आणि दुसरंच काहीतरी बोलत राहिले.

रविवारी काका आले. या वेळी टोपी खुंटीला लावली. पाणी प्यायले. बाबांनी घसा साफ केला. मला कळलं की आता ते हो म्हणणार. मी मध्येच बोलले. आमच्या घरात मुली असं बोलत नसत, काकांसमोर तर नाहीच नाही.

"काका, तुम्ही कोर्टात असता. कुणाचंही म्हणणं ऐकल्याशिवाय निकाल देतात का तिथे?"

"गप्प बस," बाबा म्हणाले.

काकांनी हात वर केला. "थांब. काय म्हणायचंय तुला, पोरी?"

मी भराभर सगळं सांगितलं. आवाज, पुढे लागणारा ऊं, मागे लागणारा ए, सगळं. ते डोळे बारीक करून ऐकत होते. हसले नाहीत, हे मी आजही त्यांच्या बाजूला मांडते.

"बरं," ते म्हणाले. "साक्ष घेऊ. पण माझ्या पद्धतीने. तू बाहेर जा. मी हिला एक वस्तू दाखवीन. तू आत यायचंस, पण हिच्याकडे पाठ करून बसायचंस. डोळ्यांची खूण नाही, हाताची खूण नाही. खूण तर कुत्र्यालाही कळते. ही काय म्हणते त्यावरून तू वस्तू सांगायचीस."

मी विहिरीपाशी जाऊन उभी राहिले. आतून काहीच ऐकू येत नव्हतं. मग बाबांनी हाक मारली.

मी धाकटीकडे न बघता गेले आणि भिंतीकडे तोंड करून पाटावर बसले. समोर पोपडे आलेला चुना होता. मागे तिचा श्वास ऐकू येत होता, आखडलेला, घशात अडकणारा. बुधवारसारखंच होणार असं मला वाटलं. मागे वळून तिच्या गुडघ्यावर हात ठेवावा असं फार वाटलं. मी हात मांडीखाली दाबून धरले.

"सांग तिला, काय बघितलंस," काका म्हणाले. हे ते तिला म्हणाले की हवेत म्हणाले, कळलं नाही.

बराच वेळ नुसती घरघर. मग आवाज आला. "ऊं." थांबली. "गा."

ऊंगा. जाग. मी वाट बघितली, पण पुढे काही येईना. काका म्हणाले, "हं, सांग."

"झोप लागत नाही म्हणते," मी म्हटलं.

"चूक," काका म्हणाले. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ते उठत असावेत. तेवढ्यात मागून जोरात श्वास ओढल्यासारखं ऐकू आलं आणि शेवटी, फार कष्टाने, "हा."

"थांबा!" मी ओरडले. "तिचा शब्द संपला नव्हता. ऊंगाहा. ऊंगाहा म्हणजे..." हा शब्द आमचा नव्हता. पण त्याचे तिन्ही तुकडे आमचे होते. उलटं, झोप, करणारा. "न झोपणारा. झोपत नाही असं काहीतरी." पहारेकरी माझ्या ओठांवर आला होता. पण पहारेकरी खोलीत कुठून येणार? काकांकडे खिशात मावणारं, न झोपणारं, काय असेल? "घड्याळ," मी म्हटलं. "तुमचं खिशातलं घड्याळ."

मी वळले. काकांच्या मुठीतून साखळी लोंबत होती.

"दादा," बाबा म्हणाले.

"पहिल्यांदा चुकली ती," काका म्हणाले. "दुसऱ्यांदा अंदाज केला. माझ्या खिशात घड्याळ असतं हे अख्ख्या घराला माहीत आहे. कोर्टात हे टिकणार नाही."

"मग कोर्टात टिकेल असं काहीतरी विचारा," मी म्हटलं. मला रडू येत होतं, पण त्यांच्यासमोर रडायचं नव्हतं. "वस्तू नको. तिला काहीही सांगा. मला अंदाज करता येणार नाही असं. कानात सांगा."

काका तिच्या खुर्चीजवळ गेले. मी पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. धोतराची सळसळ ऐकू आली, ते वाकले असावेत. कुजबुज ऐकू आली, शब्द नाही. मग ते मागे सरले.

या वेळी तिला वेळ लागला नाही. तीन आवाज एका दमात आले, इतके स्वच्छ की मी दचकले.

"ऊंमाए."

हा शब्द आम्ही कधीच केला नव्हता. मी मनात त्याची फोड केली. माए म्हणजे घर. ऊं लावला तर घराच्या उलटं. दुसरी फोड केली. ऊंमा म्हणजे परका माणूस आणि ए म्हणजे जागा. कसाही फोडला तरी शब्द त्याच एका ठिकाणी जात होता.

"काय म्हणाली?" काकांनी विचारलं.

मी हात मांडीखाली आणखी दाबले.

"सांगता येत नाही ना?"

"येतं," मी म्हटलं. भिंतीकडेच बघत म्हटलं. "आपलं नाही ते घर. परक्यांची जागा."

मागे आई दारात येऊन उभी राहिली हे मला तिच्या बांगड्यांवरून कळलं. बाबा उठले होते. "दादा, तुम्ही काय सांगितलंत तिला?"

त्या क्षणी मला एक गोष्ट उमगली. त्यांनी तिला काय सांगितलं ते फक्त दोघांनाच ठाऊक होतं. एक ते आणि एक ती. त्यांनी म्हटलं असतं, मी हिला आंब्याचं नाव सांगितलं, तर संपलंच होतं. तिची साक्ष कोण मानणार? आणि सगळ्या घराला ते सोयीचंच होतं. आईच्या पाठीलाही.

मी वळून त्यांच्याकडे पाहिलं. ते तिच्याकडे बघत होते. इतक्या वर्षांत त्यांनी तिच्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं, नेहमी खुर्चीकडे बघायचे.

"मी म्हटलं," ते हळू म्हणाले, "की तुला गुरुवारी दुसऱ्या गावी नेऊन ठेवणार आहोत." मग बाबांकडे वळून, जणू स्वतःची बाजू मांडत, "मला वाटलं, हिला कुठे कळतंय. आपल्याला खरं तेच सांगावं."

धाकटीचं तोंड वेडंवाकडं व्हायला लागलं. काका तिच्यासमोर खाली बसले, धोतराची पर्वा न करता, जमिनीवर. आणि त्यांच्यातला कोर्टातला माणूस जागा झाला.

"तुला जायचं नाही?"

"ऊं."

ते घोटाळले. नाही म्हणजे जायचं नाही, की जायचं नाही असं नाही? त्यांनी प्रश्न बदलला. "जायचंय?"

"ऊं."

"इथे राहायचंय?"

"ए," ती म्हणाली. मग जबडा आवळला गेला आणि पुढे सगळी किंचाळीच. आई भिंत सोडून तिच्याकडे आली. दोन पावलं चालली आणि पाठीत कळ येऊन वाकली. बाबांनी एका हाताने आईला धरलं आणि दुसऱ्या हाताने धाकटीचा पट्टा सोडायला लागले. त्यांना तो सोडता येईना. खुर्ची केल्यापासून त्यांनी तो कधी सोडलाच नव्हता. मी सोडवून दिला.

काकांनी जाताना बाबांना एवढंच विचारलं, "मग कळवू काय त्यांना?"

"नाही म्हणून कळवा," बाबा म्हणाले.

"आणि हिच्या पाठीचं काय?"

पुढचे कितीतरी महिने घरात रोज त्याचीच ओढाताण चालली. बाबा पहाटे उठून धाकटीला उचलायला, न्हाऊ घालायला लागले. हे कळल्यावर आळीतल्या बायका आईकडे वेगळ्याच नजरेने बघत. बाबांना सुरुवातीला काही जमत नसे. ती ऊंबू म्हणायची, ते तिला पुसत बसायचे. ऊंगा म्हणायची, ते अंथरूण घालायचे. कधी उशीर होऊन गाडी चुकली की चिडायचे, मग दिवसभर चिडल्याचं वाईट वाटून संध्याकाळी तिच्यापुढे बसून राहायचे. गावठाणातली एक ख्रिस्ती विधवा बाई दुपारची मदतीला यायला लागली तेव्हा कुठे आईला दोन तास पाठ टेकता आली. तिने तर आठवड्याभरात आमची अर्धी बोली उचलली आणि त्यात आपले दोन-चार आवाजही घुसवले. मी हरकत घेतली, पण धाकटीला ते आवडले होते. तिथे माझं काय चालणार?

काकांशी आई फार दिवस नीट बोलली नाही. ते मात्र येत राहिले. आता आले की खुर्ची तिच्यासमोर ओढून बसायचे आणि तिला प्रश्न विचारायचे, उलटसुलट, एकाच गोष्टीचे तीन-तीन. ती कंटाळली की म्हणायची, "गा." काका मला विचारायचे, "झोप आली म्हणते का?" मी म्हणायचे, "नाही, तुम्ही झोपा म्हणते."

पुढे चार-पाच वर्षांनी माझं लग्न झालं आणि मी अंधेरीला गेले. नव्या घरातून लवकर पाय निघेना. पहिल्यांदा राहायला आले ते बऱ्याच महिन्यांनी. धाकटी दिसायला मोठी झाली होती. तिने मला पाहून आरडाओरडा केला, मग शांत झाल्यावर एक शब्द म्हटला. आई लगेच हसली. बाबांनी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं.

मला तो कळला नाही.

"पुन्हा म्हण," मी तिला म्हटलं. तिने पुन्हा म्हटला. मी फोड करायला लागले. गा म्हणजे झोप, ते कळलं. त्यानंतर बूबू, म्हणजे खाडी. झोपेची खाडी? झोपेतला पूर? मी आईकडे पाहिलं. तिला माझी फजिती बघायला मजा येत होती. धाकटीने माझ्यासाठी तो शब्द एकेक आवाज सुटा करून सांगितला, गा, बू, बू, मध्ये थांबून थांबून, मठ्ठ पोरीला सांगावा तसा.

"नाही येत," मी म्हटलं.

"अगं, भरती आली की खाडी कशी घुमते," आई म्हणाली. "तुझे बाबा घोरतात त्याला म्हणते ती."

वर्तमानपत्रामागून बाबा म्हणाले, "मी घोरत नाही."

"ए," धाकटी म्हणाली.